परवलीचा शब्द आणि चौथा पाट: एका राज्याची बखर

श्री मल्हारी मार्तंड कृपावंत असोत, आणि ज्या घरी हे लिखाण वाचले जाईल त्या घरची डाळ वेळेवर शिजो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर. संवत्सराचे नावच क्रोधी, तेथे माणसांनी आणखी काय करावे! मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, म्हणजे चंपाषष्ठी, ते दिवशी आमचे राज्यात जे वर्तमान जाहले ते आहे तैसे लिहितो. कमी नाही, जास्ती नाही. जेथे जास्ती वाटेल तेथे वाचणाराने आपला चष्मा पुसावा.

राज्य म्हणाल तर टेकडीच्या पायथ्याशी चार खोल्या, एक पडवी, वर गच्ची आणि गच्चीवर पाण्याची टाकी. पण राज्य ते राज्य. टेकडी मध्ये आडवी, म्हणोन मोबाईलचा टॉवर आमचेकडे पाठ करून उभा, आणि रेंज म्हणाल तर परसात चिंचेखाली उभे राहून मान वाकडी केली तर एक दांडी यावी, तीही आली तशी जावी. सबब आमचे चिरंजीव धैर्यशील यांनी वायफाय नामे बिनतारी जाळे घरात आणविले, आणि दोन शिंगांचा एक काळा डबा देवघराचे भिंतीस ठोकिला, आणि तो डबा अहोरात्र डोळे मिचकावो लागला. मग तार जोडणारा गृहस्थ आम्हांस पुसता जाहला की, "मावशी, पासवर्ड काय ठेवू? बाहेरच्याला अंदाज येऊ नये आणि घरातल्यांनी विसरू नये, असं काहीतरी सांगा." पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द. पूर्वी किल्ल्याचा दरवाजा रात्री ज्या शब्दाने उघडे तोच हा, आता फोनाचा दरवाजा उघडतो. आमचे शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथीचे मास्तर बदलून गेले म्हणोन अर्धे. पण शब्दाला आम्ही कधी अडलो नाही. आम्ही तत्क्षणी बोलिलो, "लिही: वन्संच्या आमटीला चव नाही." गृहस्थ हसला आणि इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, ते सगळे एका दमात लिहून गेला. शब्द पक्का जाहला.

आता वन्सं कोण, हे सांगणे प्राप्त. आमचे यजमान, ज्यांस आम्ही स्वारी म्हणतो, त्यांच्या पाठची बहीण कुमुदिनी, ती आमची नणंद, म्हणोन वन्सं. वयाने आम्हांहून धाकट्या, मानाने थोरल्या, आणि अंगाने विचाराल तर ते लिहीत नाही. स्वारींची साठीशांत जाहली त्या समयी पंगतीची आमटी वन्संनी हट्टाने आपल्याकडे घेतली, आणि पहिल्या भुरक्यास आम्ही शेजारणीपाशी हळूच बोलिलो की वन्संच्या आमटीला चव नाही. हळूच बोलिलो, पण आमचा आवाज मुळात खडा, तो पंगतीच्या टोकापर्यंत गेला, आणि टोकास वन्सं वाढप घेऊन उभ्या. मग त्यांनी पळी तेथेच ठेविली, पदर खोचला होता तो सोडला, आणि म्हणाल्या, "वहिनी, या घरात परत पाणीसुद्धा प्यायची नाही मी." आणि गेल्या. गेल्या त्या कैक वर्षे आल्या नाहीत. आम्हीही बोलावणे धाडिले नाही. चव नव्हती ती नव्हती, त्यास आम्ही काय करावे? मीठ आम्ही घातले नव्हते.

इकडे परवलीच्या शब्दाने राज्यात नवी पीडा उत्पन्न केली. कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी पुसे, "वायफाय आहे का? पासवर्ड काय?" आणि पाहुण्यांत निम्मे तर वन्संच्याच सासरचे लागेबांधे. त्यांच्यापुढे शब्द कसा उच्चारावा? मग रीत अशी पडली की पाहुण्याचा फोन ताटात सुपारी मागावी तैसा आत मागवावा, आणि सूनबाई मृण्मयी यांनी स्वयंपाकघरात जाऊन त्यात शब्द घालावा, आणि फोन पुसून परत आणावा. गॅसची टाकी आणणाऱ्यास म्हणाल तर उघड सांगितला, तो पोट धरून हसला आणि पुढल्या खेपेस टाकी आत आणून लावून गेला.

ऐसे चालले असता, चंपाषष्ठीच्या आधी वन्संचा निरोप आला की, दादा, कुलदैवताचे नवरात्र माहेरी उठवावे अशी इच्छा आहे, येते. स्वारींचे डोळे भरून आले आणि ते म्हणाले, "कुमुद येतेय." आम्ही म्हणालो, "येऊ दे की. आम्ही काय दाराला कडी घातली होती?" पण रात्रीचे जेवण आम्हांस गेले नाही, ते भरीत तिखट जाहले होते म्हणोन.

सूनबाई चतुर. त्या बोलत्या जाहल्या, "आई, पासवर्ड बदलून टाकू या ना. आत्या येतायत." आम्ही म्हणालो, "पाहुणे आले म्हणोन परवली बदलावी, हे आमचे राज्यात घडले नाही." दुसरे असे की शब्द बदलला तर टीव्ही, दारावरचा कॅमेरा, गच्चीवरच्या टाकीची मोटर, सर्वांस नव्याने शब्द शिकवावा लागतो, आणि ती विद्या धैर्यशील यांस ठाऊक, आणि ते कामास परगावी गेलेले. मग सूनबाईंनी एक युक्ती काढिली. तालुक्यास जाऊन, फोनातून कागदावर एक चौकोनी शिक्का उतरवून आणिला, ज्यास लोक क्यूआर कोड म्हणतात. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची खिचडी. म्हणाल्या, "आई, यावर नुसता फोन धरायचा. शब्द बोलायचा नाही, लिहायचा नाही. आपोआप दार उघडतं." आम्ही पुसिले, "आणि शब्द कोठे गेला?" म्हणाल्या, "शब्द या चौकड्यांत लपलाय." म्हणजे वन्संची आमटी वन्संच्याच नाकापुढे टांगून ठेवायची आणि वन्संस कळू नये! ही मसलत आम्हांस बहुत आवडली. मग त्या शिक्क्यास चौकट करविली आणि दिवाणखान्यात, येणाराची पहिली नजर पडेल ऐसे ठिकाणी, लाविला.

चंपाषष्ठीचे सकाळी राज्यात धावपळ. वांग्याचे भरीत, बाजरीचे रोडगे, कांद्याची पात, देवापुढे भंडाऱ्याची वाटी. त्या गडबडीत आमची दृष्टी शिक्क्यावर गेली, आणि पाहतो तो काय, शिक्क्याच्या तीन कोपऱ्यांत तीन पाट मांडिले आहेत. चौकटीत चौकट, आत भरीव ठिपका, जसा रांगोळीचा पाट काढावा तैसा. आणि चौथा कोपरा रिकामा! आता हे सर्वांस ठाऊक की पानात तीन पोळ्या वाढीत नाहीत, हळदीकुंकवास तिघींचीच बसकण घालीत नाहीत, आणि कुलदैवताचे दिवशी, कैक वर्षांनी माहेरवाशीण येत असता, घरात शिरतानाच तीन पाट? वन्सं तर अशा गोष्टी चटकन पाहतात. म्हणतील, वहिनीने मुद्दाम केले. मग आम्ही काच काढिली, देवघरातील काजळाची डबी आणिली, आणि काडीने चौथा पाट काढिला. सुरेख आला. छापील तिघांहून आमचा अधिक नीटस. मग चारी पाटांवर भंडाऱ्याची एकेक चिमूट वाहिली, काच लाविली आणि नमस्कार केला. सूनबाई तेव्हा रोडगे भाजीत होत्या, त्यांनी पाहिले नाही. विचारावे ऐसे त्यात होते तरी काय?

दुपारी वन्सं पावल्या. उंबऱ्याशी थांबल्या, पायावर पाणी घेतले, आणि आत आल्या. आम्ही पाण्याचे तांब्याभांडे पुढे केले. वन्सं त्याजकडे पाहत राहिल्या, मग आम्हांकडे पाहिले, आणि भांडे नुसते बाजूस सरकविले. शपथ चालूच होती. स्वारी म्हणाले, "कुमुद, किती वाळलीस." हे खोटे होते, पण भावाने बोलावयाचे असते. नैवेद्य जाहला, तळी भरली, आणि मग स्वारी व सूनबाई टेकडीवरच्या खंडोबास नारळ घेऊन निघाले. स्वारींनी फोटो काढावयास आमचाच फोन खिशात घातला, त्यांचा बटणांचा, त्यात फोटो निघत नाही. सूनबाई निघता निघता म्हणाल्या, "आत्या, तुमचा व्हिडिओ कॉल आहे ना? त्या शिक्क्यावर फोन धरा, झालं." आणि गेल्या. राज्यात आम्ही दोघीच उरलो.

तो कॉल साधा नव्हता. वन्संचे चिरंजीव विश्वजित जर्मनी देशी, त्यांस कन्यारत्न जाहले, आणि तिचे बारसे त्याच दिवशी, तिकडची सकाळ ती इकडची दुपार. कागदोपत्री नाव आईबापांनी इरा ऐसे धरिले. दोन अक्षरे, त्यातही कंजुषी. पण वन्संचा मुलगा एकुलता, त्यास बहीण नाही, म्हणजे कानात कुर्र करावयास आत्या नाही. सबब ठरले की पाळण्यातले नाव आजीने ठेवावे, आणि फोन बाळाच्या कानाशी धरून आजीने ते सांगावे. नाव कोणते, ते वन्संनी मुलाससुद्धा सांगितले नव्हते. नात अजून हातात घेतली नव्हती, व्हिसा का काय तो आला नव्हता, नात म्हणोन जे काही होते ते या फोनातच.

मग वन्संनी चष्मा लाविला आणि शिक्क्यापुढे फोन धरिला. काही जाहले नाही. जवळ धरिला, लांब धरिला, तिरपा धरिला, पाटावर उभे राहून धरिला. आम्ही सुपारी कातरीत बसलो होतो. म्हणालो, "फोन जुना असेल."

"नवा आहे. विश्वजितनं पाठवलाय."

"मग हात थरथरत असेल."

"हात नाही थरथरत. तुझा शिक्काच आंधळा आहे," वन्सं म्हणाल्या, आणि पदराने काच पुसू लागल्या. काच पुसून काय होते? आम्हांस तेव्हाच किंचित शंका आली की, चौथा पाट तर नव्हे? पण आम्ही सुपारी अधिक बारीक कातरो लागलो.

मग वन्सं परसात चिंचेखाली धावल्या, आणि तेथे एक दांडी मिळून चिरंजीवांचा आवाज आला, तुकड्यातुकड्याने. "आई, दिसत नाहीयेस... बाळाला पाळण्यात... मुहूर्त टळेल... वायफाय लाव ना..." आणि आवाज गेला. वन्सं आत आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, शब्द सांग. पासवर्ड."

राज्यात ऐसा प्रसंग पूर्वी आला नव्हता. आम्ही सुपारी खाली ठेविली आणि म्हणालो, "शब्द? तो सूनबाईस ठाऊक."

"सुनेला ठाऊक आणि तुला नाही?"

"नाही."

वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "घर तुझं. डबा तुझ्या देवघरात. आणि किल्ली सुनेपाशी? मग असं सांग ना वहिनी, की राज्य आता तुझं राहिलं नाही. मी उगाच इतकी वर्षं तुला भिऊन होते."

हा घाव वर्मी बसला. राज्य आमचे नाही? हळदीची डबी कोणत्या फळीवर ठेवावी हे आम्हांस पुसल्यावाचून ठरत नाही, तेथे राज्य आमचे नाही! पण शब्द सांगावा तर नणंदेच्या तोंडावर तिची आमटी काढावी, तीही या दिवशी, तीही देवापुढे भंडारा उधळलेला असता. आम्ही उत्तर जुळवीत होतो. इतक्यात वन्सं खुर्चीवर बसल्या, आणि भांडण सोडून दिले, आणि फोनाची काळी काच समोर धरून तीत पाहून पदर सारखा केला, कपाळीचे कुंकू नीट केले, आणि तशाच बसून राहिल्या. फोन बंद, पलीकडे कोणी नाही, आणि ही बाई नातीस दिसावयास नटून बसली. वन्संशी आम्ही उभ्या जन्मात भांडलो, पण अशा वन्सं आम्ही पाहिल्या नव्हत्या.

मग आम्ही म्हणालो, "घ्या. एकेक अक्षर सांगतो. नुसती अक्षरे टाका, वाचत बसू नका."

आम्हांस इंग्रजी येत नाही, पण हा शब्द किती फोनांत घालताना ऐकिला, त्यामुळे आरतीसारखा पाठ. "व्ही." वन्संनी एका बोटाने टाकिला. "ए. एन. एस. ए. एन." येथे वन्संचे बोट थांबले.

"वन्सं," त्या म्हणाल्या. "ही मी का?"

"राज्यात वन्सं पुष्कळ आहेत. टाका. सी. एच. वाय. ए."

"वन्संच्या," वन्संनी वाचिले, आणि चष्म्यावरून आम्हांकडे पाहिले. आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर पाहो लागलो. कॅलेंडरात त्या महिन्यास बघण्याजोगे काही नव्हते, तरी पाहिले. मग धीर करून बोलिलो, "ए. एम..."

"थांब," वन्सं म्हणाल्या. "पुढचं मला येतं."

आणि त्यांनी न विचारता, न अडखळता, एका बोटाने खटखट खटखट शब्द शेवटास नेला, आणि डब्याचा हिरवा डोळा लखलखला, आणि दार उघडले. इंग्रजी अक्षरांत आमटी दोन तऱ्हांनी लिहिता येते, तेथे आमचे जावईसुद्धा चुकले होते. वन्सं चुकल्या नाहीत.

मग काचेत जर्मनी देश प्रकटला, बर्फ पडलेली खिडकी, झालर लाविलेला पाळणा, आणि त्यात लोकरीच्या टोपीतले मूठभर माणूस. विश्वजित म्हणाला, "आई, दिसलीस गं बाई! चल, लवकर." त्याने फोन बाळाच्या कानाशी नेला, आणि काचेत नुसता एक कान दिसो लागला, जर्दाळूएवढा. वन्संनी तोंड फोनाजवळ नेले आणि कुर्र म्हणावयाचे ते म्हणेनात. पाळणा म्हणावा तर शब्द आठवेना. तेव्हा आम्ही मागून पुढे जाहलो आणि पाळणा उचलिला, आमच्या खड्या आवाजात, आणि तो आवाज एकदाचा कोणाच्या उपयोगी पडला. मग वन्संस धीर आला आणि त्यांनी कुर्र केले, आणि नाव सांगितले. म्हाळसा. खंडोबाच्या राणीचे नाव, चंपाषष्ठीचे दिवशी. बाळ जांभई देते जाहले. तिकडे सगळे हसले, टाळ्या जाहल्या, आणि आम्ही दोघीही तेवढ्यापुरते हसलो.

कॉल संपला तेव्हा वन्संनी फोन मांडीवर ठेविला आणि शांतपणे पुसिले, "वहिनी, हा शब्द आजवर किती जणांनी टाकला असेल?"

आम्ही म्हणालो, "कोण मोजतो? जावई, व्याही, वीजमीटर पाहणारा, गॅसवाला, तुमचे चुलतदीर..."

"चुलतदीरसुद्धा?"

"आत नेऊन टाकिला. त्यांस कळले नाही."

वन्सं खुर्चीत मागे टेकल्या आणि हसावयास लागल्या, अशा की खुर्ची करकरली. म्हणाल्या, "म्हणजे बघ हं. तुझ्या घरी कुणीही येवो, माझं नाव घेतल्याशिवाय त्याला दार उघडत नाही. तुझा टीव्ही माझ्या नावानं चालतो. टाकीत पाणी माझ्या नावानं चढतं. मी इतकी वर्षं रुसून लांब बसले, आणि तू मला देवघराच्या भिंतीला ठोकून ठेवलंस."

येथे बखरकारास लिहिणे भाग की, हा जबाब ऐकून आम्ही उठलो आणि तो डबा पदराने पुसिला. आयुष्यात प्रथमच पुसिला. मग वन्सं उठल्या, आणि मघाचे भांडे उचलून पाणी प्याल्या, घटाघटा, आणि म्हणाल्या, "पण 'नाही' खोड. 'आहे' कर."

आम्ही म्हणालो, "चाखल्यावाचून परवली बदलणे राज्यास शोभत नाही."

"डाळ कुठे आहे?" वन्संनी पुसिले आणि पदर खोचला.

संध्याकाळी स्वारी व सूनबाई टेकडीवरून भंडाऱ्याने पिवळे होऊन उतरले, आणि दारातच आमटीच्या फोडणीचा वास आला, आणि स्वारी उंबऱ्यातच उभे राहिले, आत येईनात. सूनबाईंची नजर शिक्क्यावर गेली. "आई! हे चौथं कुणी काढलं?" आम्ही म्हणालो, "तीन ठेवू नयेत." त्या कपाळास हात लावून म्हणाल्या, "अहो आई, तीनच लागतात. त्यावरून फोनला कळतं वरची बाजू कुठली आणि खालची कुठली." आम्ही म्हणालो, "फोनास उलटेसुलटे कळत नाही, त्याचा दोष आमच्या काजळास का?" वन्सं आतून ओरडल्या, "काही पुसू नकोस गं मृण्मयी! चार पाट हवेत, आपण चौघं जेवायला बसणार आहोत." आणि तैसेच बसलो.

सारांश. ते दिवशी माहेरवाशीण माहेरी पावली, म्हाळसा नावाची कन्या परदेशी पाळण्यात निजली, आणि आमटी आम्ही न्यायबुद्धीने चाखिली. खरे लिहिणे भाग आहे: चव नाही. तेव्हाही नव्हती, आजही नाही, आणि वन्संनी पुढल्या चंपाषष्ठीस पुन्हा करून दाखविण्याचे जाहीर केले, त्यापुढल्याही. सबब परवली कायम. आम्ही दुसरी वाटी का मागितली, हे बखरीत लिहिण्याचा रिवाज नाही. शाई पुष्कळ शिल्लक आहे, पण गॅसवर दूध आहे. उठतो.